भट्टीची निळी काच

“डोळ्यांचं मला कुणी सांगायचं न्हाय! वितळल्या लोखंडाच्या तोंडात बघत हयात घालवलीय आम्ही. टीव्ही अन् कम्प्युटरचा उजेड म्हणजे आमच्यापुढं काजवा!”

हे वाक्य मी त्या वर्षी इतक्यांदा म्हटलं, की ‘डोळ्यांचं’ एवढं बोलून मी श्वास घ्यायला थांबलो तर पुढचं आमची मंडळीच पुरं करून टाकायची. मंडळी म्हणजे क्रांतीची आई. आणि क्रांती म्हणजे आमची एकुलती एक लेक, सहावीतली. या सगळ्या भानगडीत खरं नुकसान झालं ते तिचं. माझं काय, माझी नुसती अब्रू गेली, आणि ती तशीही फार नव्हती.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मेल्टर होतो. म्हणजे भट्टीपुढं उभं राहायचं, आत लोखंड कसं शिजतंय ते बघायचं, आणि पिकलं की ओतायला सोडायचं. उघड्या डोळ्यांनी आत बघितलं तर पिवळ्याजर्द उजेडाशिवाय काही दिसत नाही. म्हणून आम्हा लोकांच्या खिशात कायम एक निळी काच असते, तळहाताएवढी. ती डोळ्यापुढं धरली की सगळा पिवळा उजेड ती गिळून टाकते आणि आतलं लोखंड कसं निवांत, निळंशार दिसतं. नाद खुळा चीज! ही काच माझ्या खिशात कारखान्यात तर असायचीच, पण लग्नाकार्यातही असायची.

तर त्या वर्षी आमच्या घरात कम्प्युटर आला. आला तो असा थाटात, की गल्लीतली निम्मी माणसं बघून गेली. त्याला झालर लावलेलं कव्हर शिवलं, खाली पाट ठेवला. आणि क्रांती त्याला जी चिकटली ती चिकटलीच! शाळेतनं आली की कम्प्युटर, जेवताना टीव्ही, जेवण झालं की परत कम्प्युटर. थोड्याच दिवसांत पोरगी सारखी डोळे चोळायला लागली. डोळ्यांतनं पाणी, कपाळ दुखतंय, पापण्या तर अशा फडफडायच्या की समोरच्याला वाटावं, ही खुणावतेय.

“अहो, डॉक्टरांना दाखवूया तिला,” मंडळी म्हणाली.

“कशाला? डोळ्यांचं...”

“...मला कुणी सांगायचं न्हाय. म्हाईत हाय! मग तुम्हीच करा काय ते. न्हाय तर उद्यापासनं कम्प्युटर बंद!”

बंद म्हटल्यावर क्रांतीनं जो भोंगा काढला! कारणही तसंच होतं. शाळेत कम्प्युटरवर चित्र काढायची स्पर्धा होती. विषय होता, घरातलं आवडतं माणूस. चित्रं छापून शाळेच्या हॉलात लावणार होते. क्रांतीला धावता येत नव्हतं, गाता येत नव्हतं, पाढे तिला बघून पळायचे. पण चित्र म्हटलं की पोरीच्या बोटांत काहीतरी होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आजवर तिचं काहीच कुठं भिंतीवर लागलं नव्हतं.

“आई, एवढं चित्र होऊ दे की! मग मी कम्प्युटरकडं बघतच न्हाय!”

“आणि तवर डोळं गेलं तर?”

मायलेकी दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. आता अशा वेळी शहाणा माणूस गप डॉक्टरकडं जातो. मी मिशीवरनं हात फिरवला.

“चित्र बी होणार, डोळं बी वाचणार!” मी म्हटलं. “फक्त दोन दिवस द्या.”

तुमच्या ध्यानात आलंच असेल. जी काच मला भट्टीपासनं वाचवते ती पोरीला कम्प्युटरपासनं वाचवणार नाही होय? मी आमच्या काचवाल्याकडनं निळ्या काचेचं अख्खं तावदान आणलं. फौंड्रीतल्या कृष्णात फिटरला माप दिलं आणि लोखंडी अँगलची चौकट करायला सांगितलं.

कृष्णात चौकट उचलून म्हणाला, “आकारामदादा, ही कम्प्युटरला हाय का भट्टीच्या दाराला?”

“काम मजबूत पायजे!”

मजबूत झालं! चौकट बसवली आणि कम्प्युटरचा पडदा नमस्कार केल्यासारखा पुढं वाकला. त्याच्या हनुवटीखाली वीट दिली. चार बाजूंनी नटबोल्ट असे आवळले, की आता ती काच माझ्याशिवाय कुणी काढू शकणार नव्हतं. मग बटण दाबलं. काय ते दृश्य! पांढरा झगझगीत पडदा गार निळा झाला, रंकाळ्याच्या पाण्यासारखा.

“पप्पा, अंधार दिसालाय,” क्रांती म्हणाली.

“भट्टीत बी पयल्यांदा असंच वाटतं. सवय होती.”

“पण काही दिसंना झालंय!”

“जरा जवळ बस की मग!”

हे वाक्य मी म्हटलं. माझ्याच तोंडानं म्हटलं. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पोरगी जवळ बसली. दुसऱ्या दिवशी आणखी जवळ. चित्र बघायची आम्हाला बंदी होती. कुणी आत गेलं की ती दोन्ही हात पसरून पडद्यावर आडवी पडायची. एकदा मात्र तिनं मला हाक मारली. चित्रावर वही धरली होती आणि खालची रंगांची ओळ तेवढी उघडी ठेवली होती.

“पप्पा, काळा, तपकिरी, हिरवा, सगळं डांबरावानी एकसारखंच दिसालंय. पण ह्यो एक रंग बघा. जांभळट. ह्येच्यात फिक्कं बी जमतंय, गडद बी जमतंय.”

“मग त्याच रंगानं काढ की सगळं!”

“पण ह्यो मुळात कसला रंग हाय?”

“आता रंगाची बी कुळी विचारतीस व्हय? डोळ्याला गार वाटतोय न्हवं? मग झालं!”

ती खूश होऊन परत काचेला नाक लावून बसली.

इकडं माझी छाती फुगत चालली होती. रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी पायऱ्यांवर उभा राहून गल्लीला डोळ्यांवर भाषणच दिलं. शेजारच्या तानाबाई लगेच म्हणाल्या, “माझ्या टीव्हीला बी एक बसवा की. मालिका बघून बघून डोळं चुरचुरत्यात.” काच उरलीच होती. एक चौकट तानाबाईंच्या टीव्हीला बसवली, एक आमच्या. अँगल संपला होता, म्हणून आमची काच मी नुसती तारेनं बांधली. दोन दिवस सगळ्यांना टीव्हीतली माणसं बुडवून वर काढल्यासारखी दिसली, तिसऱ्या दिवसापासनं कुणाच्या लक्षातही येईना. माणसाला काय, कशाचीही सवय होते.

आणि नेमके त्याच आठवड्यात गगनबावड्याकडनं आमचे आबा, म्हणजे माझे वडील, आले.

आबांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरनं त्यांना बजावून ठेवलं होतं, ‘रंगात फरक वाटला तर ताबडतोब यायचं.’ आबा म्हणजे वाघासारखा माणूस, पण दवाखान्याच्या पायरीला घाबरायचे. माझी दुसरी पाळी होती, मी घरी नव्हतो. आबा टीव्हीपुढं बसले आणि बघतात तर काय, सगळी माणसं निळी! नवरी निळी, नवरा निळा, भटजी निळा!

आबांनी एक डोळा झाकून बघितलं. मग दुसरा झाकून. दोन्हीकडं तेच. आता घरातला कुणी भेटला असता तर त्यांनी विचारलं असतं. पण मंडळी दळणाला गेलेली आणि क्रांती आत काचेला नाक लावून. म्हणून आबा खात्री करायला तानाबाईंच्या घरी गेले. तिथंही तीच मालिका आणि तीच निळी नवरी!

“तानाबाई,” आबांनी हळूच विचारलं, “त्या पोरीची साडी कसल्या रंगाची म्हणायची?”

तानाबाई मालिकेत बुडालेल्या. मान न वळवता म्हणाल्या, “लालभडक की ओ आबा! लगीन हाय तिचं!”

झालं! दोन घरांत दोन टीव्ही, दोन्हीत आपल्याला निळं दिसतंय आणि शेजारणीला लाल. आबांनी मनाशी हिशेब मांडला. जवळचं दिसतंय, पण टीव्हीतलं गेलं. उद्या गल्लीतलं जाणार, परवा घरातलं. कुणाला काही न बोलता ते कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि वारणानगरला माझ्या बहिणीला, दीक्षाला, फोन लावला. “पोरी, लगोलग ये. शेवटचं तुझं तोंड बघून घेतो.”

बापानं असा फोन केल्यावर कुठली लेक थांबेल? दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला बसलोय आणि दारात दीक्षाचा हंबरडा! “आबाऽऽ!” मी अंगाला साबण तसाच ठेवून बाहेर पळालो. बघतो तर आबा खुर्चीत ताठ बसलेले आणि दीक्षा त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडतेय. टीव्ही चालूच होता.

“आबा, काय झालं?”

“बस खाली. सगळी समोर बसा, उजेडात. तोंडं नीट बघू द्या मला.”

आम्ही बसलो. आबांनी एकेकाचं तोंड हातात धरून असं बघितलं, की मंडळीच्या डोळ्यांतही पाणी आलं. क्रांतीला तर त्यांनी बराच वेळ सोडलं नाही. मग खाकरून म्हणाले, “खालचं वावर आकारामला. वरचं दीक्षाला.”

दीक्षाचं रडं फटकन थांबलं. “वरच्या वावरात नुसती दगडं हायत की आबा!”

“अगं पण त्यांना झालंय काय ते तर विचार!” मी ओरडलो.

“तुला काय, तुला खालचं मिळालंय!”

“माझं डोळं चालल्यात आणि तुम्हाला वावरं सुचत्यात व्हय रं?” आबा गरजले आणि त्यांनी हातातली काठी जमिनीवर आपटली.

काठीनं म्हणा, आवाजानं म्हणा, टीव्हीच्या काचेची तार सुटली. काच सरकली आणि खाली येऊन तिचा असा चक्काचूर झाला, की तानाबाई भिंतीपलीकडनं “भूकंप!” म्हणून ओरडल्या. टीव्हीवर कालचाच भाग परत दाखवत होते. लालभडक साडीतली नवरी लाजत उभी होती.

आबा खुर्चीतनं उडाले. “लाल! लाल दिसली! आरं, लाल दिसालीय मला!” त्यांनी दीक्षाला मिठी मारली, मला मारली, साबणासकट. मग खाली पडलेले निळे तुकडे त्यांना दिसले. त्यांनी एक उचलला, त्यातनं टीव्ही बघितला, तुकडा बाजूला केला, परत बघितला. मग माझ्याकडं बघितलं.

“आरं मुडद्या! जित्तेपणी आंधळा केलास की मला!”

गल्ली हसली, तानाबाई हसल्या, मीही हसलो. दीक्षा तेवढी हसली नाही. ती क्रांतीची हनुवटी धरून बसली होती.

“वहिनी, पोरीचं डोळं बघितलासा का? डाळिंबाचं दाणं झाल्यात.”

एवढ्या गडबडीत आम्ही कुणी बघितलं नव्हतं. खरंच, ज्या पोरीचे डोळे वाचवायला हे सगळं मांडलं, तिच्याच डोळ्यांकडं बघायचं राहून गेलं होतं. क्रांती म्हणाली, “राहू दे आत्या. चित्र झालंय माझं. काल रात्रीच बाईंच्या घरी फ्लॉपी देऊन आलोय मी.” आणि इतकी गोड हसली, की मला तेव्हाही वाटलं, चला, निम्मी बाजू तरी आपण जिंकलो.

त्याच दिवशी आबांच्याच डॉक्टरकडं सगळी वरात गेली. आबांचे डोळे ठणठणीत निघाले. क्रांतीला तपासायला मात्र डॉक्टरनं वेळ घेतला.

“बाळ, कम्प्युटरपासून किती लांब बसतेस?”

“काचेला नाक लागतंय.”

“कसली काच?”

मी सांगायला सुरुवात केली. भट्टी, पिवळा उजेड, अँगलची चौकट, वीट. डॉक्टरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“अहो, ती भट्टी असते म्हणून ती काच असते. इथं तुम्ही पोरीला अंधारात बसवून रंग शोधायला लावलेत. तिला थोडा नंबर आहे, तो आधीपासूनचा. चष्मा लावा. पडद्यापासून हातभर लांब बसवा. थोड्या थोड्या वेळानं उठून खिडकीतून लांबचं झाड बघायचं, पापण्या मिटायच्या. आता आठ दिवस कम्प्युटरला हात लावायचा नाही. आणि उजेड जास्त वाटत होता तर पडद्याखाली बटण असतं की. ते फिरवलं नाहीत?”

“कसलं बटण?”

“उजेड कमी करायचं.”

मंडळी माझ्याकडं बघत होती. घरी येऊन मी चारी नटबोल्ट काढले, वीट काढली. पडद्याखाली बटण होतं. माझ्याच चौकटीनं झाकलं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. फौंड्रीत सगळ्यांना सांगून आलो होतो, पोरीचं चित्र लागलंय. क्रांती नव्या चष्म्यात, दोन वेण्या घालून, माझं बोट धरून पुढं ओढत होती. “पप्पा, तुम्ही डोळं मिटा. मी सांगितल्यावर उघडा.”

मी मिटले. गर्दीतनं तिनं मला नेलं आणि थांबवलं. मी वाट बघत राहिलो. ती काही सांगेना. शेवटी मीच डोळे उघडले.

भिंतीवर कोरा कागद होता! अगदी कोरा नाही, नीट बघितलं तर हळदीचा हात पुसल्यासारखं कायतरी फिक्कट पिवळं. खाली नाव होतं, ‘क्रांती आकाराम कांबळे, इयत्ता सहावी. माझे पप्पा.’

माझे पप्पा! म्हणजे आवडतं माणूस मी होतो.

कम्प्युटरच्या बाई जवळ आल्या. “अहो, मला वाटलं शाई संपली. मी परत छापून बघितलं, तसंच आलं. लावायला नको म्हटलं, तर ही कागद न बघताच हट्टाला पेटली. म्हणाली, हॉलात चांगलं दिसेल.”

मागनं एक पालक आपल्या बायकोला म्हणाला, “पोरीचा बाप लईच गोरा दिसतोय!” लोक हसले. वाईट मनानं नाही, गमतीनंच हसले. क्रांतीनं चष्मा काढला, फ्रॉकला पुसला, परत घातला आणि बघितलं. परत काढला, परत पुसला. तिला वाटत होतं, चष्म्याचंच काहीतरी चुकतंय.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. तो जांभळट रंग, ज्याची मी कुळी विचारू दिली नव्हती, तो पिवळा होता! निळी काच पिवळं गिळते, हे गावाला ओरडून सांगणारा मीच. माझ्या काचेतनं पिवळा रंग तिला गडद दिसला, आणि पोरीनं अख्खं चित्र पांढऱ्यावर पिवळ्यानं काढलं. खिशात हात घातला, काच काढली, डोळ्यापुढं धरली.

आणि दिसलं सगळं! गडद, ठसठशीत! मी भट्टीपुढं उभा. क्रांतीनं फौंड्री कधी बघितलेली नव्हती, माझ्या बढायांवरनंच काढली होती. म्हणून भट्टी चुलीएवढी आणि मी माडीएवढा! एका हातानं लोखंडाचं पातेलं चहासारखं ओततोय, दुसऱ्या हातात डोळ्यापुढं काच. चहूकडं ठिणग्या. शर्टाचं लोंबणारं बटणसुद्धा पोरीनं सोडलं नव्हतं. आणि तोंडावर असं हसू, की भट्टीपुढं तसं मी उभ्या जन्मात हसलो नव्हतो.

मी परीक्षकाला हाताला धरून ओढत आणलं. “साहेब, ह्येच्यातनं बघा! एकदा बघा की!”

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. काच परत देताना म्हणाले, “सुंदर आहे हो. खरंच सुंदर आहे. पण निकाल सकाळीच लागला.”

बक्षीस एका म्हशीच्या चित्राला मिळालं होतं. म्हैस चांगलीच होती, काळीभोर, लांबनं दिसत होती.

“पप्पा, मला द्या,” क्रांतीनं हात पुढं केला. चष्मा काढून तिनं काच डोळ्यापुढं धरली. “हां,” ती हळूच म्हणाली. “असंच काढलतं मी.” मग काच माझ्या खिशात परत ठेवली, वरनं खिसा थापटला आणि म्हणाली, “चला घरी.” रडली असती तर मी समजूत तरी काढली असती.

ते चित्र आमच्या बाहेरच्या खोलीत अजून आहे. शेजारी खिळा आहे, खिळ्याला दोऱ्यानं काच टांगलीय. पावणं आलं की पहिल्यांदा काच हातात द्यायची, मग चहा. क्रांती आता पुण्यात नोकरीला असते, दिवसभर कम्प्युटरपुढंच. मी फोनवर विचारतो, “खिडकीतनं झाड बघतीस न्हवं?” ती म्हणते, “व्हय पप्पा. बटण बी फिरवलंय.”

परवा एक लांबचा पावणा आला. त्यानं काच लावून चित्र अगदी निरखून बघितलं, मग मला वरनं खालपर्यंत बघितलं, परत चित्र बघितलं.

“चित्र लई भारी हाय. पण ह्यो पैलवान कोण म्हणायचा?”

“मीच की,” मी म्हटलं. “त्या वर्षी मी तिला असा दिसत होतो.”